शाश्वत अभियांत्रिकी क्लबची जबाबदारी आलीय, वर्षभरात नेमकं काय हाती घ्यावं? (बेळगाव)

खानापूरची_पोर | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सिव्हिलची, पाचव्या सेमिस्टरला. उद्यमबाग-मच्छे पट्ट्यातल्या एका कॉलेजात शिकते. नाव मुद्दाम देत नाही, आमचे सर लोकही इथे गुपचूप वाचत असतात.

गेल्या आठवड्यात आमच्या शाश्वत अभियांत्रिकी क्लबची अध्यक्ष म्हणून माझं नाव लागलं. मेकॅनिकलचा एक मुलगा उपाध्यक्ष, इलेक्ट्रिकलची मैत्रीण खजिनदार. निवडणूक वगैरे काही झाली नाही. सीनियर मंडळींना आता प्लेसमेंटचे वेध लागलेत, त्यांनी कपाटाची चावी आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद दिलं आणि मोकळे झाले.

कपाटात काय मिळालं? पाच जूनच्या बॅनरांच्या गुंडाळ्या, कोऱ्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा, एक बिघडलेला पीएच मीटर. कुठल्याही कामाची वही नाही. वसतिगृहाच्या गच्चीवरचे सोलर हीटर क्लबनं दुरुस्त केले होते असं ऐकून आहे. पण कुणी केले, काय बदललं, आता त्यातले निम्मे परत बंद का पडले, याचा कागद कुठेच नाही.

सभासद भरपूर आहेत, पण खरं सांगायचं तर बहुतेक जण अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंटसाठी (समाजोपयोगी कामाचे गुण) आहेत. व्हीटीयूत (आपल्या तंत्रशास्त्र विद्यापीठात) पदवीला आपल्याला १०० पॉइंट लागतात, डिप्लोमा करून आलेल्यांना ७५. रोप लावलं, फोटो काढला, सही घेतली, गेले.

यंदा काय करायचं यावर आमच्या तिघांत तीन मतं. उपाध्यक्षाला स्पर्धेसाठी ई-कार्ट (विजेवरची छोटी रेसिंग गाडी) बनवायचीय. खजिनदारणीला उद्यमबागेतल्या फौंड्र्यांत (ओतकामाच्या कारखान्यांत) ऊर्जा तपासणी करायचीय. मला कॉलेजमागच्या पडक्या विहिरीचं पुनर्भरण (पावसाचं पाणी आत सोडणं) करायचंय. पैसे थोडे आहेत. तिन्ही धरावं की एकच? आणि माणसं टिकवायची कशी? अनुभवी लोकांनी सांगा.

टिळकवाडीकर | शुक्रवार, रात्री १०:०५

अभिनंदन! विहिरीवर सवडीनं लिहितो, तो माझा जिव्हाळ्याचा विषय. तोवर वाचतोय.

अनगोळ_ते_पुणे | शुक्रवार, रात्री ११:२०

धागा बघून आमचे दिवस आठवले. सल्ला देण्याआधी एक गोष्ट सांगतो, मग तूच ठरव.

आमच्या कॉलेजात क्लबनं कँटीनच्या उष्ट्या-खरकट्याचं खत करायला मशीन आणलं. देणगी मिळाली होती, पाहुणे आले, फीत कापली. पहिलं वर्ष मशीन झकास चाललं. त्यामागचं कारण मशीन नव्हतं, आमच्या वर्गातला एक मुलगा होता. कँटीनचा कचरा म्हणजे भात, सांबार, भाजीची देठं, सगळं ओलंगच्च. त्यात कोरडा कार्बन घातल्याशिवाय ते कुजत नाही, सडतं. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण पंचवीस-तीसास एक असं लागतं, आणि भातात-भाजीत ते फार कमी पडतं. हा गडी दर शनिवारी सॉ मिलमधून भुशाचं पोतं स्प्लेंडरवर आडवं बांधून आणायचा. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला ते कळलं होतं, एवढंच.

तो पास होऊन गेला. पुढच्या कमिटीला मशीनची किल्ली मिळाली, भुशाचं कुणी बोललंच नाही. महिन्याभरात असा वास सुटला की मुलींच्या वसतिगृहातून लेखी तक्रार आली. मशीनवर ताडपत्री पडली ती पडलीच. गेल्या वर्षी गेलो तर तिच्यावर कबुतरं बसली होती.

तेव्हा तिन्हीपैकी काय घ्यायचं हे ठरवताना मला विचारशील तर एवढंच बघ: यातला भुसा कोणता, आणि तू गेल्यावर तो कोण आणणार? ज्या कामाला याचं उत्तर आज देता येतं ते घे. बाकीचं कितीही चांगलं असू दे, नको.

मेकॅनिकलवाला_मच्छे | शनिवार, सकाळी ८:१५

दादा, तुमचा किस्सा आवडला, पण इथे नेहमीसारखी ई-कार्टवर गदा येणार असं दिसतंय म्हणून आधीच बोलतो.

कार्टला लोक हौस म्हणतात. मी त्या टीममध्ये दोन्ही वर्षं होतो. वेल्डिंग मी वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलमध्ये शिकलो नाही, चॅसिसच्या पाइपांवर शिकलो. बॅटरीतला एक सेल कमी व्होल्टेजला आला की बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) सगळा पॅक का बंद करतो, हे पुस्तकात वाचून परीक्षेपुरतं कळतं. ट्रॅकवर गाडी मधेच उभी राहिली की जन्मभरासाठी कळतं. आणि मुलाखतीला गेलो तर समोरच्यानं पाऊण तास फक्त कार्टवरच विचारलं. झाडं लावलेल्या पोराला काय विचारतील, कुठलं झाड?

अनगोळ_ते_पुणे | शनिवार, सकाळी ९:०२

शिकायला मिळतं, मान्य. पण ती रेसिंग टीम झाली. तिचा वेगळा ग्रुप काढा, वेगळा निधी मागा. क्लबचे थोडेथोडके पैसे एका गाडीच्या मोटर-कंट्रोलरमध्ये घातले की उरलेल्या पोरांनी करायचं काय, टाळ्या वाजवायच्या?

मेकॅनिकलवाला_मच्छे | शनिवार, सकाळी ९:१०

वेगळा निधी मागून मिळत असता तर क्लबात कशाला आलो असतो ओ!

फौंड्रीवाला_उद्यमबाग | शनिवार, दुपारी २:३०

बाळ, तुझ्या खजिनदारणीला माझ्याकडून शाबासकी सांग. आमचं सगळं आयुष्य ओतकामात गेलं. तुमच्या सरांनी ऊर्जा तपासणी म्हटलं की पोरं येतात, ट्यूबलाइट मोजतात, एलईडी लावा म्हणून लिहितात आणि चहा पिऊन जातात. फौंड्रीत ट्यूबलाइटला कोण विचारतो? भट्टी एका तासात जेवढी वीज खाते तेवढी दिव्यांना महिनाभर पुरते.

भट्टीच्या वाटेला तुम्ही जाऊ नका. तो धोक्याचा भाग आहे आणि तिथे मालक स्वतः लक्ष घालतो, कारण बिल तिथलंच दिसतं. तुम्ही हवा धरा, कंप्रेसरची हवा. मोल्डिंग मशीन हवेवर, ग्राइंडर हवेवर, फेटलिंगमध्ये (ओतलेला माल घासून साफ करतात तिथे) धूळ झटकायची गन हवेवर. हवा फुकट आहे अशी कामगाराची समजूत, आणि मालकाचीही. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक पडलं तर सुमारे तीन किलोवॅट तिथून नुसते फुस्स होतात. आवाज येतो, पण बाजूला ग्राइंडर चालू असताना ऐकणार कोण?

म्हणून रविवारी या. सुट्टीला सगळी मशीनं बंद, फक्त कंप्रेसर चालू करायचा. हवा वापरणारं कुणी नाही, तरी प्रेशर उतरतं आणि कंप्रेसर परत लोड घेतो, म्हणजे हवा दाबायला लागतो. कशासाठी? गळतीसाठी. एकानं घड्याळ घेऊन उभं राहायचं. लोडवर किती वेळ, अनलोडवर किती वेळ, आठ-दहा फेऱ्या लिहायच्या. लोडच्या वेळेला दोन्हींच्या बेरजेनं भागा, शंभरानं गुणा, ती तुमची गळती टक्क्यांत.

समजा दोन मिनिटं लोड, तीन मिनिटं अनलोड. म्हणजे चाळीस टक्के. शंभर सीएफएमचा (मिनिटाला शंभर घनफूट हवा देणारा) कंप्रेसर असला तर चाळीस सीएफएम वाऱ्यावर. सात किलोवॅट तरी धरा. दोन पाळ्या म्हणजे सोळा तास, वर्षाचे तीनशे दिवस, झाले ३३,६०० युनिट. सात रुपयांनी धरलं तरी २,३५,२०० रुपये. हा आकडा मालकासमोर ठेवा, तो स्वतः शिडी धरून उभा राहतो की नाही बघा.

मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन एकेक जोड बघायचा. पाइपाला सहसा काही होत नसतं. सगळी घाण होजच्या टोकाला असते: क्लॅम्पच्या जागी तार गुंडाळलेली, क्विक कपलरचा रबर गेलेला, पाणी काढायचा ड्रेन कॉक कुणीतरी कायमचा थोडा उघडा ठेवलेला. जिथे फुगा येतो तिथे चिंधी बांधा आणि नंबर टाका. रिपेरी कारखान्याच्या फिटरलाच करू द्या. तुम्ही हात लावला तर तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम सैल करेल, मी ओळखून आहे.

आणि भुसा कोण आणणार म्हणाला तो पुण्याचा दादा, त्याला उत्तर: याला भुसा लागत नाही. घड्याळ, साबण, वही. तीन महिन्यांनी परत तोच रविवार, तीच मोजणी.

खानापूरची_पोर | शनिवार, संध्याकाळी ६:४५

काका, हे सोन्यासारखं आहे. खजिनदारणीला दाखवलं, ती नाचायचीच बाकी होती. एक शंका: मालक लोक आम्हा पोरांना आत घेतील का? आणि आकडे बाहेर जातील म्हणून घाबरणार नाहीत का?

फौंड्रीवाला_उद्यमबाग | शनिवार, संध्याकाळी ७:३०

घाबरणार. म्हणून रिपोर्ट फक्त त्याला द्यायचा. कॉलेजच्या भित्तिपत्रकावर कारखान्याचं नाव लावायचं नाही. पहिल्यांदा लहान जॉबवर्कवाल्याकडे जा, मोठ्या कंपनीत परवानगीच्या कागदातच तुमचं सेमिस्टर संपेल.

येळ्ळूर_शिवार | शनिवार, रात्री ८:५०

सगळं वाचलं. कारखान्याचं भलं होईल ते होऊ दे. खरं, कॉलेजच्या पोरांना बळ्ळारी नाला दिसत नाही काय? शहराचं सगळं सांडपाणी आणि पावसाचं पाणी घेऊन तो आमच्या शिवारातनं जातोय. गाळानं आणि जलपर्णीनं भरलेला. जुलैत मोठा पाऊस लागला की पाणी बांध फोडून भातात. रोप आठवडाभर बुडालेलं राहिलं की कुजतं, मग दुबार लावणी. बी कुठनं आणायचं, तरवा (लावणीची रोपं) कुणाकडे शिल्लक असतोय?

तुमच्यासारखी पोरं येऊन गेल्यात आधी पण. बाटलीत पाणी भरलं, फोटो काढला, नाव लिहून घेतलं. काय निघालं त्या पाण्यात, आजपर्यंत कुणी सांगाय आलं नाही. काय करूलालाय (करताय) ते आम्हाला पण सांगा की ओ.

शहापूरचा_चिरंजीव | शनिवार, रात्री ९:१५

सांगतील, पण कन्नडमध्ये. 😄 इथे रिपोर्ट कुठल्या भाषेत निघतो ते काय आम्हाला माहीत नाही होय?

गोव्याहून_वाचतोय | शनिवार, रात्री ९:२८

आला, सीमाप्रश्न आला. पॉपकॉर्न आणा.

संपादक | शनिवार, रात्री ९:५०

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तो वर काढावा. इथले आणखी दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा क्लबच्या कामाचा आहे, तसाच राहू द्या.

निपाणीकरीण | शनिवार, रात्री १०:३०

संपादकांशी सहमत, पण भाषेचा एक व्यावहारिक भाग राहतोच, तो लिहिते. माझं शिक्षण बेळगावातच झालं. आमच्या टीमचा कॉलेजला द्यायचा रिपोर्ट इंग्रजीत, ते ठीक, मार्क तिथेच मिळतात. पण शेतावर किंवा कारखान्यात द्यायचा एक पानाचा कागद आम्ही मराठी आणि कन्नड दोन्हीत करायचो, आणि मोल्डिंगवर यूपी-बिहारची पोरं असली तर तोंडी हिंदीत. कन्नड भाग अथणीची मैत्रीण लिहायची, मराठी मी. त्यात भांडण कसलं? उलट दोघींना एकमेकींचं लिहिलेलं वाचता यायला लागलं. कमिटी निवडताना हे बघा एवढंच सांगते. सगळी मराठी किंवा सगळी कन्नड कमिटी झाली की निम्म्या गावात जाणं आपोआप बंद होतं.

टिळकवाडीकर | रविवार, सकाळी ७:००

आता विहिरीचं. बेळगावच्या लोकांना विहिरीचं महत्त्व मुद्दाम सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या पाण्यासाठी टिळकवाडीत खणलेली काँग्रेस विहीर आजही आहे. पुढे राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी नळाला आलं आणि गावातल्या विहिरी कचराकुंड्या झाल्या. नव्वदच्या दशकात टंचाई पडली तेव्हा महापालिकेनं जुन्या विहिरी उपसून परत वापरात आणल्या. म्हणजे हे नवं नाही, गावाला एकदा जमलेलं आहे.

तुमच्या विहिरीचं गणित सोपं. आपल्याकडे वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस धरा. शंभर चौरस मीटर छपरावर पडलेल्यातलं ऐंशी टक्के हाती लागलं तरी लाखभर लिटर होतं. तुमच्या वसतिगृहाचं छप्पर त्याच्या कितीतरी पट असेल.

पण दोन पथ्यं. फक्त छपराचं पाणी घ्या. पार्किंगचं, रस्त्याचं अजिबात नको, त्यात गाड्यांचं तेल असतं. आणि पहिल्या पावसाचं पाणी वेगळं सोडून द्यायची सोय करा. छपरावरची धूळ, पक्ष्यांची घाण त्यात येते, आणि तुमच्या बाजूला तर फौंड्र्यांची काळी भुकटीही. मग वाळू-खडीची गाळणी, मग विहीर.

याच्याही आधी, आजच, कठड्यावर रंगानं एक खूण करा. दर रविवारी त्याच खुणेपासून टेप सोडून पाण्याची पातळी लिहा. पुनर्भरणाआधीचं एक वर्ष हातात नसलं तर नंतर पाणी वाढलं हे कशाच्या जोरावर सांगणार? पाऊस जास्त झाला म्हणून वाढलं असं कुणीही म्हणेल.

प्राध्यापक_पण_माणूस | रविवार, सकाळी ११:४०

मी अशाच एका क्लबचा समन्वयक आहे (दुसऱ्या कॉलेजचा, घाबरू नये). काही कोरडे मुद्दे, कारण कामं अडतात ती इथेच.

पॉइंटसाठी येणाऱ्यांना हिणवू नका. पॉइंट हवेत ना, मग ते कामाला बांधा. पाणी व्यवस्थापन, ऊर्जा बचत ही कामं अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंटच्या यादीत बसतात. रोप लावल्याची सही बंद करा, विहिरीच्या वहीतल्या सलग नोंदींवर सही द्या. पहिल्या महिन्यात निम्मी गळतील. जाऊ द्या. उरतील ती तुमची.

पैशासाठी राज्याच्या विज्ञान-तंत्रज्ञान परिषदेची विद्यार्थी प्रकल्प योजना आहे, पण त्यात मार्गदर्शक शिक्षक, अंदाजपत्रक आणि शेवटी खर्चाचा हिशेब लागतो. बिलं पहिल्या दिवसापासून फाइलला लावा. मार्चमध्ये हार्डवेअरच्या दुकानात जाऊन जुन्या तारखेचं बिल मागणारी मुलं दर वर्षी बघतो आणि दर वर्षी कपाळाला हात लावतो.

आणि मुख्य. तुमच्याकडे वर्ष नाही. पाचवं आणि सहावं सेमिस्टर, त्यातून इंटर्नल, परीक्षा, सुट्ट्या वजा करा. सातव्यापासून तुम्ही प्लेसमेंटच्या. तेव्हा पुढचा अध्यक्ष मे महिन्यात शोधायचा नाही, आत्ताच तिसऱ्या सेमिस्टरची दोन मुलं हाताशी घ्या आणि वही लिहायचं काम त्यांच्याकडे द्या. सांगून कुणी शिकत नाही, वही ज्याच्या हातात त्याला काम आपोआप कळतं.

मेकॅनिकलवाला_मच्छे | रविवार, दुपारी १:१०

सर, तिसऱ्या सेमिस्टरची पोरं डिप्लोमातून आलेली घ्या. हाताला कामाची सवय असते. हे कार्टवाल्याकडून फुकटचं ज्ञान. 🙂

खानापूरची_पोर | सोमवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मीटिंग झाली, चांगली दोन तास जुंपली.

ठरलं ते असं. कार्ट यंदा क्लबच्या पैशातून नाही. उपाध्यक्ष रुसला. त्याला वेगळ्या टीमचा अर्ज विभागप्रमुखांकडे द्यायला आम्ही सगळे सोबत जाणार, यावर निभावलं. पूर्ण खूश नाही तो, आणि मेकॅनिकलवाला दादा, तुमचं म्हणणंही मला पूर्ण खोडता आलं नाही.

हवेच्या गळतीची मोजणी खजिनदारणीकडे. विहिरीची पातळी दर रविवारी, वही तिसऱ्या सेमिस्टरच्या दोघांकडे. एक डिप्लोमाचा कडोलीचा, एक मुलगी बैलहोंगलची, म्हणजे निपाणीकरीणताई, तुमचंही ऐकलंय. पुनर्भरणाचं बांधकाम या वर्षी करायचंच नाही. हे माझ्याच लाडक्या प्रकल्पाबद्दल ठरवताना जड गेलं, पण टिळकवाडीकर काकांचं आधीच्या नोंदींचं म्हणणं पटलं.

येळ्ळूरचे काका, नाला साफ करणं आमच्या आवाक्यातलं नाही, खोटं आश्वासन देत नाही. पण शिवारातल्या एका मोरीवर (नाल्यावरच्या छोट्या पुलावर) पाण्याच्या उंचीच्या खुणा रंगवून द्यायचा विचार आहे. पाऊस लागला की तुमच्यापैकी कुणी रोज सकाळी आकडा आमच्या ग्रुपवर टाकायचा, आम्ही त्याच्याशेजारी पावसाचा आकडा लावणार. किती पावसाला पाणी बांधावरून येतं हे कागदावर आलं तर तुम्हाला ते कुठल्याही कार्यालयात दाखवता येईल. आणि पाणी तपासलं तर निकाल आधी तुम्हाला, मग सरांना.

येळ्ळूर_शिवार | सोमवार, रात्री ९:५५

चालतंय. माझा पोरगा टाकेल आकडा. खूण खरं उंच करा ताई, कमरेएवढी करून जाशीला आणि पाणी डोक्यावरनं जाईल. कुठली मोरी घ्यायची ते आम्ही दाखवतो, पाऊस यायच्या आत या.

फौंड्रीवाला_उद्यमबाग | मंगळवार, सकाळी ६:५०

येत्या रविवारी सकाळी आठला या, माझ्या ओळखीच्या जॉबवर्कवाल्याशी बोललोय. चार जण बस्स, वरातीची गरज नाही. सुती कपडे घाला, नायलॉन-पॉलिस्टर नको, ओढणी नको, पायात बूट. भट्टी बंद असली तरी लॅडलजवळ (वितळलेला धातू ओतायच्या भांड्याजवळ) जायचं नाही, थंड दिसतो आणि नसतो. गॉगल नसेल तर माझ्याकडचे देतो. घड्याळ मोबाइलचं चालेल, पण वही कागदाची आणा, तिथल्या धुळीत मोबाइलवर टाइप करत बसलात तर बोटं आणि स्क्रीन दोन्ही काळी.

खानापूरची_पोर | मंगळवार, सकाळी ७:२०

येतो काका. शिडी तिथे आहे का, की आम्ही वर्कशॉपमधून आणू?

फौंड्रीवाला_उद्यमबाग | मंगळवार, सकाळी ७:३५

शिडी आहे. ब्रश आणा, दोन इंची.